टाच मारली तरी घोडा का चालत नाही?

ऐतिहासिक गोष्टींत स्वाराने टाच मारली रे मारली की घोडा वाऱ्याच्या वेगाने दौडू लागतो. माथेरानला किंवा महाबळेश्वरला सहलीला गेलेल्या मुलांना मात्र वेगळाच अनुभव येतो. मुलगा ऐटीत खोगिरावर बसतो आणि टाच मारतो, पण घोडा ढिम्म हलत नाही. मुलगा पुन्हा टाच मारतो, आणखी जोरात मारतो. घोडा आपला रस्त्याकडेच्या गवताला तोंड लावून उभा! इतक्यात घोडेवाला मागून जिभेने नुसता 'टक् टक्' असा आवाज काढतो, आणि तोच घोडा मुकाट्याने चालू लागतो.

"काय आळशी घोडा आहे!" असे आपण म्हणून जातो. पण मित्रांनो, थोडा विचार करा. घोडा खरोखरच आळशी असता, तर तो घोडेवाल्याच्या आवाजालाही हलला नसता. त्याच्या पायांत बळ आहे, चालायचे कसे हे त्याला ठाऊक आहे. मग टाचेलाच तो दाद का देत नाही? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात प्राण्यांच्या शिकण्याचे एक मोठे शास्त्र दडलेले आहे.

माशी बसली तरी कळते

घोड्याचे कातडे जाड आणि राठ असल्यामुळे त्याला टाच कळत नसेल, असे तुम्हाला वाटेल. पण उभ्या घोड्याच्या अंगावर माशी बसली की काय होते, ते नीट पाहा. माशी बसली तेवढ्याच जागेचे कातडे थरथरते आणि माशी उडून जाते. कातड्याखाली स्नायूंचा एक पातळ थर असतो, त्याचे हे काम. माशीचे वजन ते केवढे! तेवढाही स्पर्श घोड्याला कळतो.

स्वाराच्या पोटऱ्या घोड्याच्या कुशीला जेथे टेकतात, तेथील त्वचा किती संवेदनशील आहे याचे मोजमापही झाले आहे. अमेरिकेतील संशोधक कॅरोल सॅस्लो यांनी २००२ साली याविषयी लिहिले. ती जागा माणसाच्या पोटरीपेक्षा तर संवेदनशील आहेच, पण आपल्या बोटाच्या टोकापेक्षाही अधिक संवेदनशील आहे, असे त्यांना आढळले.

घोड्याचे लक्ष किती बारीक असते, हे जर्मनीतील 'हान्स' नावाच्या घोड्याने जगाला दाखवले. हा घोडा गणिते सोडवतो, अशी १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये ख्याती होती. तीन अधिक चार किती, असे विचारले की तो खुराने सात वेळा जमिनीवर ठोके देई. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने त्याची कसून तपासणी केली आणि १९०७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचे गणित चुके. ठोक्यांची संख्या उत्तरापर्यंत पोहोचली की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई. ती हालचाल टिपून हान्स थांबत असे. माणसाला स्वतःची जी हालचाल कळली नाही, ती घोड्याने हेरली!

अशा प्राण्याला टाचेचा दणका कळत नाही, हे कसे शक्य आहे? त्याला टाच कळते. पण तो तिच्याकडे लक्ष देत नाही. असे का होते, ते आता पाहू.

अंगवळणी पडणे

रेल्वेच्या रुळांजवळ राहायला आलेल्या माणसाची पहिल्या रात्री प्रत्येक गाडीला झोपमोड होते. महिन्याभराने गाड्या तशाच धडधडत जातात, पण हा गाढ झोपलेला असतो. ज्या आवाजामागून काहीच घडत नाही, त्याची दखल घेणे मेंदू हळूहळू सोडून देतो. शास्त्रज्ञ याला 'हॅबिच्युएशन' म्हणतात. आपल्या मराठीत यासाठी 'अंगवळणी पडणे' हा छान शब्दप्रयोग आहेच.

पावसाळ्यात तुम्ही याचा प्रयोग करू शकाल. एक गोगलगाय अलगद उचलून ओल्या फळीवर ठेवा. तिने शिंगे बाहेर काढली की फळीवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. ती शिंगे आत ओढून घेईल. शिंगे पुन्हा बाहेर आली की तेवढ्याच जोराची दुसरी टिचकी मारा. प्रत्येक वेळी तिने शिंगे किती ओढली आणि ती बाहेर यायला किती सेकंद लागले, याची वहीत नोंद करा. काही टिचक्यांनंतर ती पहिल्याइतकी दचकत नाही, असे तुम्हाला दिसेल. प्रयोग संपला की तिला जिथली तिथे सोडा आणि हात स्वच्छ धुवा.

असेच प्रयोग अमेरिकेतील शास्त्रज्ञ एरिक कॅंडेल यांनी 'अप्लीशिया' नावाच्या समुद्री गोगलगायीवर केले. तिच्या शरीरावरील एका नळीला हलका स्पर्श केला की ती कल्ले आत ओढून घेते. स्पर्श पुन्हा पुन्हा केला की ही क्रिया मंदावते. स्पर्शाची बातमी आणणारी चेतापेशी स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीला जो रासायनिक निरोप देते, तोच कमी कमी होत जातो, असे त्यांना आढळले. म्हणजे प्राणी बधिर झालेला नसतो, तर निरोप पुढे पोहोचेनासा होतो. शिकणे आणि स्मृती यांवरील अशा संशोधनासाठी कॅंडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. घोड्याचा मेंदू कितीतरी अधिक गुंतागुंतीचा आहे, पण निरर्थक गोष्ट अंगवळणी पडण्याचा नियम त्यालाही लागू आहे.

आता सहलीच्या घोड्याचा विचार करा. दिवसभर त्याच्या पाठीवर एकामागून एक नवखे स्वार बसतात. कोणी टाचा बडवतो, कोणाचे पाय नुसतेच हिंदकळत असतात. चालायचे केव्हा आणि थांबायचे कोठे, हे घोडेवालाच ठरवतो. घोड्याच्या दृष्टीने टाच म्हणजे रुळांशेजारची गाडी! घोडेवाल्याचा आवाज मात्र अर्थपूर्ण असतो, कारण त्यामागून नेहमी काहीतरी घडते.

दाब शिकवतो की सुटका?

मग टाचेला पुन्हा अर्थ कसा द्यायचा? त्यासाठी प्राणी मुळात इशारा कसा शिकतो, हे समजले पाहिजे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेले मांजर आधी इकडेतिकडे ओरबाडे. केव्हातरी चुकून योग्य दोरी ओढली जाई आणि दार उघडे. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर मांजराला सुटायला कमी कमी वेळ लागू लागला. ज्या कृतीनंतर बरे वाटते, ती कृती प्राणी पुन्हा करतो. पुढे बी. एफ. स्किनर यांनी याच मार्गाने सखोल अभ्यास केला.

गजराचे घड्याळ आठवा. ते कर्कश वाजते, आपण बटण दाबतो आणि आवाज थांबतो. बटण दाबायला आपल्याला कोणी शिकवले? आवाजाने नव्हे, तर आवाज थांबण्याने! नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे जेव्हा एखादी कृती पक्की होते, तेव्हा तिला 'ऋण प्रबलन' म्हणतात. येथे ऋण म्हणजे वजा. याचा अर्थ शिक्षा असा नाही.

पायाचा इशारा घोडा असाच शिकतो. पोटरीचा दाब आला, घोड्याने पाऊल टाकले आणि दाब गेला, की पाऊल टाकणे हा दाब घालवण्याचा उपाय आहे हे त्याला कळते. पण घोडा चालू लागल्यावरही स्वार टाचा मारतच राहिला तर? उपाय निष्फळ ठरतो. आणि घोडा उभाच असताना स्वाराने कंटाळून पाय सैल सोडले तर? मग उभे राहणे हाच उपाय ठरतो! म्हणजे 'आळस' आपणच शिकवतो.

आधी दुखणे पाहा

शिकवण्यापूर्वी एक गोष्ट मात्र केलीच पाहिजे. घोड्याला काही दुखत तर नाही ना, हे पाहायला हवे. खोगीर पाठीला टोचत असेल, नाल सैल झाली असेल, खुरात खडा रुतला असेल. घोड्याचे दात जन्मभर झिजतात आणि वर सरकत राहतात. झीज असमान झाली तर कडा धारदार होऊन लगाम लावल्यावर तोंड दुखते. जंत, अपुरे खाणे, उन्हाचा ताप आणि पाठीवरचे जास्त वजन यांनीही घोडा मंदावतो. असा घोडा आळशी नसतो, आजारी असतो. त्याला पशुवैद्य हवा, छडी नव्हे.

इशारा पुन्हा कसा शिकवतात?

घोडा निरोगी असेल तर जाणकार शिक्षक असे करतात. (हे त्यांच्या देखरेखीखालीच आणि डोक्यावर शिरस्त्राण घालूनच करायचे असते.)

१. लगाम सैल सोडतात. पाय 'चल' म्हणतात आणि आवळलेला लगाम 'थांब' म्हणतो. असे दोन हुकूम एकाच वेळी दिले तर घोड्याने कोणाचे ऐकावे?

२. दोन्ही पोटऱ्यांनी कुशीला हलकेच दाबतात. दाब हलकाच हवा, कारण हाच पुढे कायमचा इशारा व्हायचा आहे.

३. क्षणभरात उत्तर आले नाही तर दाब वाढवत नाहीत. दाब तसाच ठेवून पायाच्या मागे छडीने हलक्या, भराभर टिचक्या देतात. या टिचक्या फटके नसतात. त्या घोड्याला फक्त नकोशा वाटाव्यात, एवढ्याच असतात.

४. घोड्याने एक पाऊल पुढे टाकताच छडी आणि दाब दोन्ही त्याच क्षणी थांबवतात. सारा धडा या क्षणात आहे. सुटका उशिरा मिळाली तर ती कशाबद्दल मिळाली, हे घोड्याला कळत नाही.

५. मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या वर खाजवून शाबासकी देतात. घोडे एकमेकांना याच जागी खाजवतात. तेथे खाजवले की हृदयाचे ठोके मंदावतात, असे फ्रान्समधील कामार्ग घोड्यांवरील १९९३ च्या अभ्यासात दिसले आहे.

काही वेळा असे केल्यावर एक गंमत होते. दाबामागून टिचकी येते, हे घोड्याच्या ध्यानात येते आणि तो टिचकीची वाट न पाहता दाबालाच चालू लागतो. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकूनच लाळ सुटे, तसेच हे. यानंतर स्वाराने पाय शांत ठेवायचे असतात. दर पावलाला टाच मारली तर तीही पुन्हा अंगवळणी पडेल.

याउलट, घोडा ऐकत नाही म्हणून स्वार टाच अधिक जोरात मारू लागला, तर उद्या तेवढा जोरही पुरत नाही. मग छडी येते, टाचेला लोखंडी काटे येतात. घोड्याच्या कुशीवर जखमा होतात आणि त्याला 'आळशी' हे नाव कायमचे चिकटते. त्याचा दोष एवढाच की ज्या इशाऱ्याला अर्थ उरला नव्हता, तो त्याने सोडून दिला.

सांगा पाहू

१. बैलगाडीवाला दर पावलाला "हो, हो" ओरडत राहिला, तर काही दिवसांनी बैल त्या आवाजाला कसे वागतील?

२. कुत्र्याला "बस" म्हणायचे आणि तो बसला नाही की सोडून द्यायचे. यातून कुत्रा काय शिकतो?

३. गोगलगायीच्या शेवटच्या टिचकीनंतर तासभर थांबून पुन्हा टिचकी मारा. ती पहिल्यासारखी दचकते का? आपली नोंद मित्राच्या नोंदीशी ताडून पाहा.