बेकारी आणि उत्पादन : हिशेब कुठे चुकतो?



कारखान्याचे गाळप थांबले, तर कामगारांच्या हाताला काम नाही आणि गोदामात साखरही नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा? पण या दोन गोष्टींचे प्रमाण १९६२ साली आर्थर ओकन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मांडले. बेकारी एका टक्क्याने वाढली, की देशाचे उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी मागे पडते, असा त्यांचा हिशेब होता. अर्थात हा हिशेब अमेरिकेचा.

आता तोच आपल्या देशाला लावून पाहू. कोरोनामुळे २०२०-२१ साली देशाचे उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटले. मग बेकारी वाढायला हवी होती. परंतु सरकारच्या श्रमबल पाहणीत वर्षाचा बेकारीचा दर २०१९-२० मधील ४.८ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४.२ टक्क्यांवर उतरला!

हे कसे झाले? शहरातले काम गेले तेव्हा कितीतरी माणसे गावाकडे परतली. रिकामे बसून कोणाचे पोट भरत नाही. जो तो घरच्या शेतात उतरला. पाहणीत घरच्या शेतावर बिनपगारी राबणाराही 'कामावर' धरला जातो. म्हणूनच शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाला. देशाच्या उत्पन्नात मात्र शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपासच होता.

आपल्या शिवारातले उदाहरण घ्या. दोन एकर उसाला दोन भाऊ पुरतात. तिसरा शहरातून परत आला आणि पाणी पाजू लागला, तर टनेज वाढते का? नाही. बिल तेवढेच येते, वाटेकरी मात्र तीन होतात. यालाच छुपी बेकारी म्हणतात. ती कोणत्याही कचेरीत नोंदली जात नाही. घरच्या ताटात तेवढी दिसते.

तेव्हा बेकारीचा आकडा खाली आला म्हणून हुरळून जायचे कारण नाही, आणि उत्पादन वाढले म्हणून सगळ्यांना काम मिळाले असेही धरून चालू नये. यंत्राने तोडणी केली, तर टनेज तेवढेच राहते, पण कोयत्यांचे काम कमी होते. खरा प्रश्न दोनच : वर्षात प्रत्येकाला किती दिवस काम मिळाले, आणि दिवसाकाठी पदरात काय पडले?

सभासदांनी आपल्या घरापुरता हा हिशेब जरूर मांडावा. राबणारी माणसे किती, कामाचे दिवस किती, खर्च वजा जाता उत्पन्न किती, हे वहीत लिहावे. ज्या घरात माणसे जास्त आणि दिवस कमी, तिथे मुलामुलींना एखादे कसब शिकवणे किंवा दुधासारखा जोडधंदा उभा करणे, याचा विचार आधी व्हावा. आणखी एक माणूस उसाच्या सरीत उभा केल्याने घराची आवक वाढत नाही.