तेरीज जुळल्यानंतर

कोल्हापूर जिल्ह्यात मराठी माध्यमातून बारावी, तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम., शिवाजी विद्यापीठात एम.कॉम. आणि आता फळ्यासमोर उभं राहून तेच विषय शिकवणं, असा माझा प्रवास. निकाल लागले की ओळखीतले पालक मुलांना घेऊन येतात. त्यांना जे सांगते, ते इथं लिहिलंय. क्रम जसं आठवलं तसा आहे, महत्त्वाप्रमाणे नाही.

१. गणित सोडू नका.

अकरावीला वाणिज्य शाखेत गणित ऐच्छिक असतं. बरीच मुलं त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेतात, गुणही बरे पडतात. हिशेबाला बेरीज-वजाबाकी पुरते, असं घरी समजावलं जातं. ते दुकानाच्या वहीपुरतं ठीक आहे. पण १ एप्रिल २०१९ पासून भारतात इंड एएस ११६ हे मानक लागू झालं आणि ज्या कंपन्यांना ते लागू आहे, त्यांना दीर्घ मुदतीवर भाड्याने घेतलेलं दुकानही ताळेबंदात दाखवावं लागतं. पुढच्या सगळ्या वर्षांच्या भाड्याची आजची किंमत काढायची आणि ती देणं म्हणून मांडायची. आजची किंमत काढणं हे गणितच आहे. एम.कॉम.च्या संशोधन पद्धतीत संख्याशास्त्र येतं, तेव्हा वर्गातले निम्मे चेहरे उतरतात आणि त्यातले बहुतेक अकरावीत गणित सोडलेले असतात.

२. तेरीज जुळली की अभ्यास सुरू होतो.

माझे काका गावातल्या दूध संस्थेचे सचिव होते. सुट्टीत मी त्यांच्याकडे कीर्दीवरून खतावणी करायला बसायची. मग तेरीज काढून दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की मी पेन मिटायची. ते म्हणायचे, “जुळलंय म्हंजे संपलं न्हाई पोरी. आता बघायला सुरुवात कर.”

काय बघायचं, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात नीट कळलं. एका रामरावाचं दूध बिल दुसऱ्या रामरावाच्या खात्यावर जमा केलं, तरी तेरीज जुळते. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, तरी जुळते. शीतयंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्र खरेदी म्हणून लिहिला, तरी जुळते. वर त्या वर्षी नफाही जास्त दिसतो आणि संचालक मंडळ खूश होतं. एका बाजूला शंभराची चूक आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढीच, तर त्या एकमेकींना झाकून टाकतात. तेरीज फक्त एवढंच सांगते, की नावे आणि जमा रकमा समान आहेत. त्या खऱ्या आहेत की नाहीत, हे तिला ठाऊक नसतं. लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये द्विनोंदी पद्धत छापून मांडली, हे सगळे पाठ करतात. या पद्धतीला काय पकडता येत नाही, ते उत्तरपत्रिकेत क्वचितच नीट लिहिलेलं दिसतं.

३. समायोजना पाठ करू नका.

अंतिम लेख्यांच्या प्रश्नाखाली समायोजनांची यादी असते. ‘देणे मजुरी आली की इथं मिळवा, तिथं दाखवा’ अशी सूत्रं मुलं घोकतात आणि प्रश्न जरा फिरवला की अडकतात. आमच्याकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. मार्चच्या शेवटच्या टप्प्यातलं बिल एप्रिलमध्ये वाटलं जातं, पण दूध मार्चमध्ये आलं आणि मार्चमध्येच विकलंही गेलं. मग तो खर्च कोणत्या वर्षाचा? एवढा एक प्रश्न समजला, की देय खर्च, आगाऊ दिलेला विमा, न मिळालेलं व्याज ही सगळी एकाच प्रश्नाची रूपं आहेत, हे आपोआप कळतं.

४. एकाच वस्तूच्या दोन किमती असू शकतात, याची सवय करा.

एप्रिलमध्ये कंपनीने साठ हजारांचा संगणक घेतला. कंपनी कायदा २०१३ ची दुसरी अनुसूची त्याचं आयुष्य तीन वर्षं धरते. पाच टक्के अवशिष्ट किंमत सोडून सरळ रेषा पद्धतीने घसारा येतो १९,००० रुपये. प्राप्तिकरासाठी मात्र घटत्या शिल्लक पद्धतीने चाळीस टक्के, म्हणजे २४,०००. वर्षाअखेर तोच संगणक एका कागदावर ४१,००० चा आणि दुसऱ्यावर ३६,००० चा. वर्गात कोणीतरी हमखास विचारतं, “मॅडम, यातली खरी किंमत कुठली?” दोन्ही बरोबर, कारण दोन कायदे दोन वेगळे प्रश्न विचारतायत. मधल्या पाच हजारांवरचा कर आज वाचला तरी पुढे भरायचा आहे, आणि डिफर्ड टॅक्स नावाचं जे प्रकरण मुलांना घाम फोडतं, ते इतकंच आहे. तिसरी, बाजारातली किंमत विचारायला जुन्या संगणकांच्या दुकानात जावं. ती ऐकून दोन्ही आकडे हास्यास्पद वाटतील.

५. टॅली शिका, त्यातच अडकून राहू नका.

एफ-फाइव्ह पेमेंट, एफ-सिक्स रिसीट, एफ-सेव्हन जर्नल हे बोटांना महिनाभरात येतं. त्याहून उपयोगाचं म्हणजे शहरातल्या एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात काही काळ काम करणं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून तिथलं चित्रच बदललंय. विकणाऱ्याने आपल्या जीएसटीआर-वनमध्ये बिल दाखवलं नाही, तर घेणाऱ्याच्या टू-बीमध्ये ते येत नाही आणि त्याचं क्रेडिट अडकतं. मग फोन सुरू होतात. दुसऱ्याच्या वहीतल्या आळसाची किंमत आपल्याला मोजावी लागते, हे तिथं दर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास समजतं.

६. वार्षिक अहवाल मागच्या पानांपासून वाचा.

गाईड वाचून पास होता येतं, नाकारत नाही. पण शेअर बाजारात नोंदलेल्या कोणत्याही कंपनीचा अहवाल फुकट मिळतो. पुढचे रंगीत फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत सोडून द्यायचं आणि आधी टिपा वाचायच्या. लेखा धोरणं, संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार, संभाव्य देणी. सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ ला पत्र लिहून कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातल्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. बेरजा जुळतच होत्या. लेखापरीक्षणाच्या तासाला ‘बँकेच्या शिलकेचा दाखला कंपनीमार्फत न घेता थेट बँकेकडून मागवावा’ हे वाक्य मुलं कंटाळून उतरून घेतात. सत्यमनंतर मी ते वाक्य दोनदा लिहून घेते.

७. एम.कॉम.ला आपल्या भागातला एखादा उद्योग धरा.

एम.कॉम.ने मला काय दिलं, तर साखर कारखान्याचा ताळेबंद वाचण्याची नजर. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे वर्ष मिटतं तेव्हा गोदामं पोत्यांनी भरलेली असतात. त्या पोत्याला किंमत किती लावायची, यावर वर्षाचा नफा-तोटा ठरतो. नियम साधा आहे: उत्पादन खर्च किंवा विकून निव्वळ हाती येणारी रक्कम, यातलं जे कमी ते. पण तो उत्पादन खर्च ठरवायचा कसा? उसातून साखर निघते, तशी मळी निघते, बगॅस निघतं, प्रेसमड निघतं. जोडउत्पादन किरकोळ असेल तर त्याची विक्री किंमत साखरेच्या खर्चातून वजा करायची, असं पुस्तक सांगतं. कारखान्याने आसवनी उभारली, मळीचं इथेनॉल झालं, बगॅसवर वीज तयार होऊन ती विकली जाऊ लागली, तर मळी आणि बगॅस अजूनही किरकोळ म्हणायची का? कारखान्याचंच बगॅस कारखान्याच्याच वीज प्रकल्पाला देताना दर काय लावायचा? दर वाढवला की साखर स्वस्त पडते आणि वीज महाग, कमी केला की उलट. ऊस तोच, यंत्रं तीच, एकूण पैसेही तेवढेच. तरी कुठला विभाग तोट्यात दिसणार, हे एका दराने ठरतं. आणि बँक मालतारण कर्ज देते ते याच पोत्यांवर.

बी.कॉम.ला असा प्रश्न आला असता, तर दर दिलेला असता आणि मी उत्तर काढलं असतं. एम.कॉम.ला दर कोणी देत नाही, तो आपण ठरवायचा आणि का ठरवला ते लिहायचं. माझ्या मते दोन पदव्यांमधलं खरं अंतर हेच आहे. जिथं ते तसं शिकवलं जात नाही, तिथं एम.कॉम. म्हणजे बी.कॉम.ची जाड आवृत्ती होते, आणि अशी एम.कॉम. पुष्कळ आहे.

८. ‘सीए नाही झालं म्हणून एम.कॉम.’ हे ऐकून घ्या, पण मनावर घेऊ नका.

सीए हा वेगळा रस्ता आहे. कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षणावर सही सीएचीच लागते, एम.कॉम.ची चालत नाही, हे आधीच स्वच्छ समजून घ्यावं. एम.कॉम.नंतर नेट किंवा सेट देऊन शिकवायला जाता येतं, पण कायम जागा निघण्याची वाट बघत तासिका तत्त्वावर कित्येक वर्षं जाऊ शकतात. घरची परिस्थिती बघूनच हा निर्णय घ्यावा.

एक रस्ता मात्र पुण्या-मुंबईच्या समुपदेशकांच्या तोंडून कमीच ऐकू येतो. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा. पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान असेल, तर सहकार कायद्यानुसार प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून काम करता येतं. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या. काम गल्लीगल्लीत आहे. माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी हा रस्ता धरला आणि सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभांआधी त्यांना फोन घ्यायला वेळ नसतो.

९. कच्चं काम दाखवा.

परीक्षेत उत्तर चुकलं, तरी टिपा क्रमाने मांडल्या असतील तर निम्म्याहून जास्त गुण मिळतात. उत्तर बरोबर आलं आणि आकडा कुठून आला ते दिसत नसेल, तर तपासणारा साशंक होतो. नोकरीत हेच अधिक कडक होतं. दोन वर्षांनी लेखापरीक्षक येऊन विचारतो, ही तरतूद तीन लाखांचीच का केली? तेव्हा ती करणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि फाइलमध्ये त्याने लिहिलेलं अर्धं पान असतं, किंवा नसतं.