उन्हाला विचारून फळी घे

लेकरा, गच्चीवर डेक टाकायचं तू ठरवलंस, त्याला माझी ना नाही. संध्याकाळी चार माणसं बसावीत, पोरांनी अनवाणी खेळावं, घराला शोभा यावी, हे सगळं रास्तच आहे. तू मला एवढंच विचारलंस, "काका, कोणत्या कंपनीच्या फळ्या घेऊ?" कंपन्यांची नावं मी नंतर सांगेन. त्याआधी आपल्या वालूर गावचं ऊन ती फळी सोसेल का, आणि उन्हात तापलेली ती फळी आपले पाय सोसतील का, हे ठरवावं लागेल. बांधकामावर उभं आयुष्य काढून जे हाती लागलं, ते क्रमानं सांगतो. हा क्रम मोडू नकोस.

आधी ऊन ओळख

आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर सहज जातो. पण हा आकडा सावलीत मोजलेल्या हवेचा आहे. त्याच वेळी उघड्यावर पडलेली गडद रंगाची फळी 65 अंशांपुढं तापते. एवढ्या तापलेल्या वस्तूवर काही सेकंदांतच लहान पोराच्या तळव्याला फोड येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडं भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. त्या वेळी कठड्याची सावली गच्चीला मिळत नाही. भिंतींपेक्षा आडव्या पृष्ठभागावर ऊन जास्त पडतं. घरातली सगळ्यात कठीण जागा तू फळीला देणार आहेस, हे समजून खरेदीला नीघ.

सावली पहिली, फळी नंतर

मेमध्ये कधी दुपारी चारच्या सुमाराला गावातल्या चक्राकार बारवेत उतरून बघ. वरच्या, उन्हातल्या पायरीवर तळवा ठेवला की चटका बसतो. वळणावळणानं खाली जाऊन सावलीतल्या पायरीला हात लाव, ती गार लागते. दगड तोच आहे, सावली मात्र वेगळी. साहित्य बदलून जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त सावलीनं पडतो.

म्हणून पैशाचा पहिला वाटा मांडवाला दे. लोखंडी चौकट उभी कर, तिच्यावर शेडनेट ताण. दाट जाळी घे, पण चौकटीला उतार ठेव आणि वादळी वाऱ्याच्या आधी ती सोडता येईल अशी बांध. मृगाच्या तोंडावर आपल्याकडं वारा काय करतो, तुला माहीत आहे. एका बाजूनं मधुमालती चढव. सावलीतली साधी फळी ही उन्हातल्या महागड्या फळीपेक्षा बरी असते.

तुमच्या जुन्या घरावर माळवद होतं. सागवानी तुळया, वर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्या जाडीमुळं दिवसभराचं ऊन खालच्या खोलीत पोचायला रात्र व्हायची. स्लॅबला ती जाडी नाही. डेक टाकलास तर फळी आणि स्लॅब यांच्यात हवा खेळेल एवढी जागा ठेव. फळीच्या सावलीमुळं स्लॅबही कमी तापेल आणि खालची खोलीही.

फळीच्या पोटात काय आहे ते बघ

या फळ्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला, लाकडाचा भुसा आणि पॉलिथिन एकत्र करून दाबलेली उघडी फळी. दुसरा, तीच फळी पण चारी बाजूंनी किंवा फक्त वरून प्लास्टिकचं कवच चढवलेली. तिसरा, भुसा नसलेली निव्वळ पीव्हीसीची.

उघडी फळी स्वस्त मिळते, पण उन्हात तिचा रंग लवकर विटतो, आणि तेल-हळद सांडली की डाग आत मुरतो. आपल्या घरात गच्चीवर मिरच्या वाळतात, लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवल्या जातात. ती फळी आपल्या कामाची नाही. कवचवाली घे, आणि कवच चारी बाजूंनी असेल तर उत्तम. पीव्हीसी वजनाला हलकं आणि पाण्याला पक्कं असतं, पण 75-80 अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. गडद रंग, उघडी जागा आणि समोर चकाकणारी काच असेल तर तेवढा ताप फार दूर राहत नाही.

काचेचं मुद्दाम सांगतो. हल्ली गावात प्रत्येक नव्या घराला निळ्या, आरशासारख्या काचा बसतात. त्यांच्यावरून परतलेलं ऊन समोरच्या फळीवर पडतं, म्हणजे एका जागी दोनदा ऊन. जिन्याच्या खोलीला तशी काच लावणार असशील तर तिच्यावर छज्जा काढ, नाहीतर साधी काच लाव.

पोकळ फळी की भरीव, असंही दुकानदार विचारेल. आपल्यासाठी भरीव. पोकळ फळीच्या नळ्यांत पावसाचं पाणी आणि धूळ साचते, आणि उन्हानं ती लवकर वाकते.

रंग हलका घे

कॅटलॉगमध्ये गडद तपकिरी सगळ्यात देखणी दिसते. ती तिथंच राहू दे. वाळूचा, राखाडी पांढरट किंवा फिका बदामी रंग निवड. आपल्याकडं उडणारी धूळ हलक्या रंगावर कमी दिसते, हा वरचा फायदा. फळीवर खोल रेषांचं नक्षीकाम नको. त्यात काळी माती अडकली की ब्रशनंही निघत नाही.

नमुना आणून परीक्षा घे

ही सगळ्यात मोठी गोष्ट. दुकानात वातानुकूलनाखाली फळी पारखायची नसते. तीन-चार कंपन्यांचे हातभर लांबीचे तुकडे मागून घे. कोणी नाही म्हणत नाही, आणि म्हणालाच तर तो दुकानदार सोड. सोबत एक शहाबादी फरशीचा तुकडा आणि एक पांढऱ्या चायना मोझॅकचा घे. सगळे गच्चीवर, एकाच ओळीत, विटांवर ठेव.

दुपारी दोनला, पाचला आणि दिवेलागणीला प्रत्येकावर तळवा टेकव. पाच सेकंद ठेवता आला नाही तर तो तुकडा पोरांच्या पायासाठी नाही. आकडा हवा असेल तर इलेक्ट्रिशियनकडचं लेझर थर्मामीटर आण. करोनात कपाळावर धरायचं जे आणलं होतं ते इथं चालत नाही, ते अंगाच्या तापापुरतंच मोजतं.

दिवेलागणीची परीक्षा विसरू नकोस. फरशी आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री उशिरापर्यंत ओकत राहतं. खालून हवा लागणारी फळी दुपारी जास्त तापली तरी सूर्य गेल्यावर लवकर निवते. तुला गच्ची संध्याकाळी वापरायची आहे, म्हणून डेकच्या बाजूनं हा मोठा मुद्दा आहे.

मग तुकड्याचं कापलेलं टोक रात्रभर पाण्यात बुडवून ठेव. सकाळी कडेवर बोट फिरव. कडा फुगली, खरखरीत झाली, तर ती फळी पावसाळ्यात टिकणार नाही. तुकड्याच्या अर्ध्या भागावर चांदीसारखा कागद बांधून तो संबंध उन्हाळा उन्हात राहू दे. कागद काढल्यावर दोन भागांचा रंग शेजारी शेजारी दिसेल. हमीपत्रापेक्षा तो खरं बोलतो.

कंपनीचं नाव

आता तुझा प्रश्न. अमेरिकेतल्या ट्रेक्सनं 1996 पासून भुसा आणि टाकाऊ प्लास्टिकच्या फळ्यांचा धंदा मोठा केला. उन्हासाठी म्हणून तिची 'ट्रान्सेंड लिनिएज' ही मालिका आहे. मॉइश्चरशील्डचं 'कूलडेक' आहे. टिंबरटेक पीव्हीसीच्या फळ्याही बनवतं. आपल्या देशातही डब्ल्यूपीसी नावानं बऱ्याच कंपन्या माल काढतात. यातली कुठलीही 'थंड' म्हणून विकली जाणारी फळी ही त्याच रंगाच्या दुसऱ्या फळीपेक्षा कमी तापते, एवढाच तिचा अर्थ. कडक उन्हात आमचीही फळी तापेल, हे कंपन्या स्वतःच बारीक अक्षरात लिहून देतात. ते बारीक अक्षर वाच.

नाव कोणतंही घे, पण चार गोष्टी लिहून माग. हमी भारतात लागू आहे का. रंग विटणं, वाकणं, तडे जाणं, यातलं काय काय हमीत आहे. फळी बदलायची वेळ आली तर मजुरी कोण देणार. आणि संभाजीनगर किंवा पुण्याहून माल इथं येईपर्यंत फुटला तर जबाबदारी कुणाची. पंचवीस-पन्नास वर्षांची हमी ऐकून हुरळून जाऊ नकोस. पक्कं बिल घे, त्यावर मालिकेचं नाव आणि रंग लिहून घे. दहाएक फळ्या जास्तीच्या एकाच लॉटमधल्या घे आणि सपाट, सावलीत ठेव.

बसवताना उभा राहा

चांगली फळी वाईट मिस्त्रीच्या हाती गेली की वाया जाते. जानेवारीतल्या पहाटेचा गारठा आणि मेमधली दुपार यांत फळीच्या तापमानात 50 अंशांहून जास्त फरक पडतो. तीन मीटरची फळी तेवढ्या फरकानं पाच ते सात मिलिमीटर लांब होते. दोन टोकांमध्ये फट नसेल तर फळ्या एकमेकींना ढकलून मधे उचलतात. थंडीत काम केलंस तर फट मोठी ठेव, उन्हाळ्यात केलंस तर लहान, आणि भिंतीपासून बोटभर अंतर सोड. कंपनीच्या पुस्तिकेत तापमानाप्रमाणं फटीचा तक्ता असतो, तो मिस्त्रीच्या हातात दे.

खालचा सांगाडा लाकडाचा करू नकोस, वाळवी सोडणार नाही. जीआयचे चौकोनी पाइप किंवा ॲल्युमिनियम घे. दोन पाइपांमधलं अंतर फूटभर ठेव. पुस्तिकेत सोळा इंच चालेल असं असलं तरी आपल्या उन्हात फूटच बरं, कारण तापलेलं प्लास्टिक वजनाखाली हळूहळू खाली बसतं. स्लॅबला छिद्र पाडू देऊ नकोस, वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या खोलीत ओल येते. पाइप रबरी पॅडवर टेकव. पन्हळीच्या तोंडाशी चार फळ्या उचलता येतील अशा ठेव, पावसाळ्याआधी तिथला गाळ काढावा लागतो. डेकच्या कडेला बारीक जाळी मार, नाहीतर विंचू-उंदीर खाली घर करतील.

सगळी गच्ची झाकू नकोस

निम्मी गच्ची मोकळी ठेव आणि तिच्यावर पांढरा चायना मोझॅक कर. कुरडया, पापड, सांडगे, डाळ आणि मिरच्या तिथं वाळतील. वाळवणाला कडक ऊन हवं असतं, माणसाला सावली. दोघांची जागा वेगळी असली की घरात भांडण राहत नाही आणि डेकचा खर्चही निम्म्यावर येतो.

एवढं सगळं ऐकून एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. मांडव करायला पैसे पुरत नसतील तर यंदा डेक करू नकोस. मोझॅक कर, पण त्याच्या आणि वॉटरप्रूफिंगच्या आधीच मांडवाचे खांब उभे करण्यापुरत्या प्लेटा स्लॅबला बसवून ठेव. पुढच्या वर्षी आधी सावली उभी कर, मग फळीला हात घाल.