गाईड, पाटकरी आणि पांझरा

आपल्याकडे 'स्टडी टूर' म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. सकाळी एखाद्या कारखान्याच्या गेटवर ग्रुप फोटो, अर्धा तास शॉप फ्लोअर, चहा-बिस्किट, सर्टिफिकेटवर सही-शिक्का आणि पुढचे चार दिवस गोवा नाहीतर मनाली. याला माझा विरोध नाही (असून उपयोग तरी काय!). पण सहल जर खरोखर 'स्टडी'साठी काढायची, तर ती कशी काढावी, सोबत गाईड कोण असावा आणि त्याला काय विचारावे, याचा थोडा अभ्यास करू. त्यासाठी आधी लांबचे एक उदाहरण घेऊ आणि मग आमच्या पिंपळनेरला येऊ.

लांबचे उदाहरण व्हिएतनामचे. मुंबईहून तिकडे २०२२ मध्ये थेट विमाने सुरू झाली आणि रविवारच्या पेपरातल्या सहलींच्या जाहिरातींत सिंगापूर-थायलंडच्या शेजारी व्हिएतनाम येऊन बसले. सात-आठ दिवसांचा साचा बहुतेक ठरलेला असतो. हनोई, हा लाँगच्या उपसागरात बोटीवरची रात्र, मध्ये दा नांग आणि होई आन, शेवटी हो ची मिन्ह सिटी, म्हणजे आपल्या आजोबांच्या पेपरातले सायगाव. सोबत मराठी टूर मॅनेजर आणि जमल्यास वरण-भात. तिथला स्थानिक गाईड वेगळा, तो बसमध्ये माइक घेऊन पुढे उभा.

या सहलीत शहरे असतात तशी खेडीही असतात, आणि खेडी दाखवायची रीत शिकण्यासारखी आहे. हनोईत पाण्यावरच्या कठपुतळ्यांचा खेळ दाखवतात. रंगमंच म्हणजे पाण्याचे टाके. पडद्यामागे कलावंत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पाण्याखालून बांबूच्या दांड्यांनी बाहुल्या नाचवतात. चांगला गाईड खेळापूर्वी एवढेच सांगतो की हा खेळ तांबड्या नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीतून आला, पाणी साचलेले शेत आणि गावतळे हेच त्याचे मूळ स्टेज. ते ऐकले की बाहुल्यांतले म्हशी, बदके आणि मासे पकडणारे कोळी कुठून आले ते कळते. सायगावजवळ कू ची येथे युद्धकाळातली भुयारे आहेत. त्यांचे जाळे सुमारे २५० किलोमीटरचे सांगतात. पर्यटक ज्यातून रांगत जातात तो भाग मात्र त्यांच्यासाठी मुद्दाम रुंद केलेला आहे. हे जो गाईड आधी सांगतो तो प्रामाणिक. नाहीतर पाहुणा बाहेर येऊन म्हणतो, "एवढे काही अवघड नव्हते!" मेकाँगच्या खाडीत लहान होडीतून फिरवतात, नारळाच्या वड्या कशा करतात ते दाखवतात आणि दाखवून झाले की तिथेच विकतात. त्यात गैर काही नाही. फक्त आपण गाव पाहिले की दुकान पाहिले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गाईडच्या धंद्यात एक मोठा मोह असतो, पाहुण्याला आवडेल ते सांगण्याचा. व्हिएतनामच्या बाबतीत आपल्या मोबाईलवर एक गोष्ट वर्षानुवर्षे फिरते आहे. शिवाजी महाराजांचे चरित्र वाचून व्हिएतनामने अमेरिकेला हरवले आणि त्यांच्या राजधानीत महाराजांचा पुतळा आहे, अशी. वाचून छाती फुगते, पण अस्सल पुरावा आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही. गंमत अशी, की तिथे भारताशी नाते सांगणारी खरी जागा आहे आणि तिचा फॉरवर्ड मात्र कोणी पाठवत नाही. मध्य व्हिएतनाममध्ये मी सॉन येथे चाम राजांनी चौथ्या शतकापासून पुढे कित्येक शतके शिवमंदिरे बांधली, संस्कृतात शिलालेख कोरले. १९९९ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या यादीत गेले. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने २०१७ पासून तिथे जतनाचे काम केले आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातले अखंड दगडाचे शिवलिंग मिळाले. खरे एवढे असताना खोट्याची गरज काय?

आता घरी येऊ.

आमच्या धुळ्यालाही अशीच एक गोष्ट चिकटलेली आहे. धुळ्याचे सरळ रस्ते आणि नंबराच्या गल्ल्या पाहून पाहुण्याला सांगतात, "हे शहर विश्वेश्वरय्यांनी प्लॅन केले." मात्र खानदेश इंग्रजांकडे गेला १८१८ मध्ये, कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे ठाणे निवडून नवी वस्ती आखायला घेतली १८१९ च्या सुमारास, आणि विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा. वजाबाकी तुम्हीच करा. विश्वेश्वरय्यांचा आणि पांझरेचा संबंध आहे, तो अगदी खरा आहे, पण तो पाहायला धुळ्याच्या पश्चिमेला साक्री तालुक्यात जावे लागते. म्हणूनच माझ्या मते आपल्या सहलीची बस धुळ्याहून नदीच्या उलट दिशेने निघावी. कुसुंबा, नेर, साक्री आणि मग पिंपळनेर. पांझरा पिंपळनेरच्या वरच्या डोंगरात उगम पावते, धुळ्यातून पुढे जाते आणि मुडावदला तापीला मिळते. म्हणजे आपण शेवटाकडून सुरुवातीकडे जाणार.

पहिला मुक्काम दातर्ती. पुण्याच्या कॉलेजातून १८८३ मध्ये इंजिनिअर होऊन बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. वय तेवीसच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या फायनल इयरपेक्षा फार मोठे नाही. त्यांच्याकडे आलेल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होते दातर्तीजवळ पांझरेच्या पात्रातून पाटाचे पाणी पलीकडे नेण्यासाठी नळाचा सायफन बांधणे.

सिव्हिलवाल्यांना माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. पाट एका काठाने आला आणि पाणी दुसऱ्या काठाला हवे असेल, तर एक तर नदीवर पूल करून पाणी वरून न्यायचे किंवा नळ नदीच्या तळाखालून घालायचा. दुसऱ्या प्रकारात पाणी एका बाजूने खाली उतरते आणि दुसऱ्या बाजूने आपोआप वर चढते. गवंड्याच्या लेव्हल ट्यूबमध्ये पाणी दोन्हीकडे सारखे उभे राहते ना, तेच तत्त्व. फरक एवढाच की इथे पाणी वाहते ठेवायचे असते, म्हणून बाहेरचे तोंड आतल्या तोंडापेक्षा थोडे खाली असावे लागते. किती खाली, हे नळातल्या घर्षणावर ठरते. नळ फार मोठा घेतला तर वेग कमी होऊन खालच्या वाकणात वाळू बसते, फार लहान घेतला तर घर्षणातच सगळी पातळी खर्च होते. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात पाच मार्कांना येणारा प्रश्न आहे हा. (आणि आपण तो ऑप्शनला टाकतो.)

काम पावसाळ्यात आले. पात्रात खोदावे आणि पुराने वाळू आणून पुन्हा भरावे, असे चालले. विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना लिहिले, की पाऊस संपेपर्यंत काम थांबवावे. वरिष्ठांना ते रुचले नाही. मग मात्र त्यांनी काम हाती धरून पुरे केले. ही हकिकत त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. मला यात आवडते ते हे, की पुढे भारतरत्न झालेल्या माणसाच्या पहिल्या नोकरीतही साहेब, पाऊस आणि डेडलाईन हेच तीन त्रास होते. १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो, फोटोला हार घालतो. त्या दिवशी हार घेऊन दातर्तीलाच गेलो तर? पांझरा भरलेली असते, काम अवघड का होते ते डोळ्यांनी दिसेल.

पण दातर्तीला पाट होता तो कुठून आला? तो इंग्रजांच्या आधीचा. आणि आपल्या सहलीचा खरा विषय इथून सुरू होतो.

पांझरेवर, तसेच नाशिककडच्या मोसम आणि आरम या नद्यांवर, तीन-चारशे वर्षांपासून 'फड' पद्धतीने पाणी वाटले जाते. नदीत आडवा दगडी बंधारा. तो पाणी साठवण्यासाठी नाही, वळवण्यासाठी. बंधाऱ्यातून पाट निघतो, तो दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, सारंगातून शेत. जादा पाणी परत सोडायला सांडम. कुठे पंप नाही, मोटर नाही, सारे काम उताराचे. लेव्हलिंगच्या प्रॅक्टिकलला आपले रीडिंग जुळत नाही म्हणून आपण शेजारच्या बॅचची वही मागतो. या लोकांनी डंपी लेव्हल नसताना मैलोन् मैल उतार साधला.

खरी कारागिरी मात्र दगडात नाही, वाटपात आहे. बंधाऱ्याखालचे बागायत बहुधा चार फडांत विभागलेले असते. एक फड दहा हेक्टरांचा असू शकतो किंवा दोनशेचा, सरासरी शंभर ते सव्वाशे. एका फडात एकच पीक. या फडात ऊस, तर त्यात सगळ्यांचा ऊस. कोणत्या फडाला यंदा काय आणि कोणता फड कोरडा ठेवायचा, हे पाणी बघून गाव ठरवते. दरवर्षी पिके फडाफडांतून फिरतात. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडी थोडी असते, त्यामुळे फड कोरडा राहिला तर तोटा एकट्याला नाही, सगळ्यांना वाटून. पीक एकच असल्याने पाण्याची पाळी एकाच वेळी येते, मध्ये कुंपण लागत नाही आणि राखणीला एक माणूस पुरतो.

थोडा हिशेब करू. अशा पाटाचा प्रवाह सेकंदाला सुमारे ४५० लिटर धरतात. म्हणजे हॉस्टेलच्या २० लिटरच्या साडेबावीस बादल्या दर सेकंदाला! दिवसाचे होतात ३ कोटी ८८ लाख ८० हजार लिटर. हे सगळे १०० हेक्टरच्या फडावर पसरले तर जेमतेम चार सेंटिमीटर उंची होते. दहा सेंटिमीटरची पाळी द्यायची तर अडीच दिवसांहून जास्त, तेही झिरपा आणि बाष्पीभवन शून्य धरून. आता कल्पना करा, त्या अडीच दिवसांत रात्री दोन वाजता कोणाचे बारे उघडायचे आणि कोणाचे बुजवायचे हे कोण ठरवणार? पाणी पळवायला कोणाचा हात धरणार? आपल्या विंगमध्ये गरम पाण्याच्या एका गीझरवरून सकाळी काय होते ते आठवा.

त्यासाठी फडाची स्वतःची माणसे असतात. पाटकरी पाणी वाटतो, जागल्या पीक राखतो, हवालदार त्यांच्यावर देखरेख करतो. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही, पाणी पाटकरीच देणार. पुढे विश्वेश्वरय्यांनी पुण्याकडे नीरा कालव्यावर क्षेत्राचे गट पाडून, पिके फिरवून पाणी देण्याची पद्धत आणली, ती 'ब्लॉक सिस्टीम' म्हणून गाजली. तरुणपणी पाहिलेला पांझरेचा फड त्यामागे असेल का? मला दोन्हींत साम्य दिसते, एवढेच म्हणतो. गाईडसारखे ठोकून देत नाही.

तर आपल्या सहलीचा गाईड हा पाटकरी. त्याच्याकडे माइक नाही, झेंडा नाही, खांद्यावर फावडे. त्याला 'अंकल' म्हणू नका. आबा, आप्पा, नाना असे काही म्हणा. तोच आधी विचारेल, "कथा चालनात भाऊ?" मग त्याच्या मागे मागे पाटाने चालत राहायचे. प्रश्न विचारायचे ते असे, की पहिले पाणी बंधाऱ्याजवळच्या शेताला की शेवटच्या? कमी पावसात कोणता फड सोडला आणि त्या बैठकीत भांडण झाले का? पाटकऱ्याला मोबदला धान्यात मिळायचा की पैशात, आणि आता? पाटातला गाळ काढायला घरटी माणूस येतो का? वहीत उत्तरे लिहा. पाटाचा प्रवाह मोजायचा असेल तर दहा मीटर अंतर आखून पाण्यात लाकडाचा तुकडा सोडा, वेळ घ्या. वरचा थर जरा जोरात वाहतो म्हणून वेग ०.८५ ने गुणा, पाटाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणा, झाले. खर्च शून्य.

हे सगळे लवकर करायला हवे, कारण विहिरीवर मोटर बसली की शेतकऱ्याला फडाची पाळी आणि गावाने ठरवलेले पीक नकोसे वाटते. तो आपल्या मनाने कांदा लावतो, त्यात त्याचे चूकही नाही. पण दहा जणांनी असे केले की उरलेल्यांना पाटाचा गाळ काढणे परवडत नाही. बंधारा शाबूत आणि फड मोडलेला, असे होते. बंधारा पुढेही दिसेल, पण पाटकरी गेला की तो कसा चालायचा हे सांगणारा कोणी राहणार नाही.

दुपारी पिंपळनेर. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आजचा साक्री तालुका पिंपळनेरच्याच नावाने आहे, हे आम्ही पिंपळनेरकर संधी मिळेल तिथे सांगतो. गावाच्या वरच्या अंगाला पांझरेवर लाटीपाडा धरण आहे. सकाळपासून पाहिलेला बंधारा पाणी वळवतो, हे धरण साठवते. दोन्हींतला फरक इथे उभे राहून चांगला समजतो, आणि धरणाचे पाणी बंधाऱ्यांच्या पाटांना कधी आणि कसे सोडतात हा पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. तो तिथल्या पाटबंधारे खात्याच्या माणसाला विचारा. इलेक्ट्रिकलवाल्यांना कंटाळा आलाच तर ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या याच तालुक्यात आहेत, पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. बळसाण्याची जुनी मंदिरेही वेगळ्या दिवशी. एका दिवसात सगळे कोंबले की आपलीही व्हिएतनामसारखी धावपळ होते.

महिना ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. पाटाला पाणी असते आणि पाऊस उघडलेला असतो. पावसाळ्यात जायचेच तर पात्रात उतरू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेला आलेला पूर धुळ्याने पाहिला आहे. पायात चप्पल नको, बूट हवेत. डबा मेसमधून घ्या, पण पिंपळनेरला शेवभाजीची सोय सहज होते. आधी एक जण जाऊन पाटकऱ्याची वेळ विचारून या, कारण पाळी चालू असली तर तो रात्रभर जागलेला असतो आणि सकाळी झोपतो.