मांसात दडलेले औषध

कोंबडीला किंवा डुकराला दिलेले औषध काही काळाने शरीराबाहेर पडते आणि मांस निर्दोष होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळ औषधांच्या बाबतीत ती बरोबरही आहे. नायट्रोफ्युरान गटातील कृत्रिम जंतुनाशकांनी मात्र ती फोल ठरविली. आतड्यांच्या रोगांवर ती जनावरांना दिली जात. त्यांच्यापासून कर्करोगाचा धोका संभवतो असे दिसल्यावर युरोपीय संघाने १९९५ पर्यंत अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्यांचा वापर पूर्णपणे बंद केला.

परंतु बंदीचे उल्लंघन ओळखावे कसे? प्रतिजैविके शोधण्याची जुनी रीत सोपी आहे. जिवाणूंची पेरणी केलेल्या आगराच्या थाळीवर मांसाचा तुकडा ठेवतात. त्यात औषध असल्यास तुकड्याभोवती जिवाणू वाढत नाहीत व स्वच्छ वलय दिसते. येथे ही रीत निरुपयोगी ठरते, कारण मूळ औषधाचे शरीरात काही तासांतच विघटन होते. विघटनातून उरलेले अंश मात्र ऊतींतील प्रथिनांना घट्ट चिकटतात व कित्येक आठवडे टिकतात. शिजविल्यानेही ते सहसा नाहीसे होत नाहीत. म्हणून रसायनज्ञ औषध न शोधता त्याची ही खूण शोधतो.

मांसाचा लगदा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ३७° सेल्सिअस तापमानावर रात्रभर ठेवला, की ते अंश प्रथिनांपासून सुटतात. हे रेणू फार लहान असल्याने उपकरणाला ते नीट ओळखता येत नाहीत. त्यामुळे नायट्रोबेंझाल्डिहाइडशी त्यांचा संयोग घडवून त्यांना मोठे करतात. नंतर द्रव-वर्णलेखनाने घटक वेगळे करून द्रव्यमान-वर्णपटमापकाने रेणूचे व त्याच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजतात. युरोपात २०२२ च्या नोव्हेंबरपासून कारवाईची मर्यादा किलोग्रॅममागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दोनशे कोटी भागांत एक भाग, इतकी आहे.

इतक्या सूक्ष्म मापनात निर्दोषावर आळ येण्याचाही संभव असतो. नायट्रोफ्युराझोनची खूण मानला जाणारा सेमिकार्बाझाइड हा पदार्थ २००३ मध्ये बरण्यांतील अन्नातही आढळला. तो तेथे औषधातून नव्हे, तर झाकणाच्या आतील सांधपट्टीतून आला होता. त्यामुळे मांस आधी द्रावकांनी धुऊन मोकळे अंश काढून टाकतात व प्रथिनांना चिकटलेल्यांनाच पुरावा मानण्याकडे कल असतो. ग्राहकाचे आरोग्य आणि पशुपालकाची उपजीविका ही दोन्ही या निर्णयावर अवलंबून असतात. म्हणून परीक्षकाला जितकी सूक्ष्म दृष्टी हवी, तितकाच संयमही हवा.