अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर नव्हे

गणपतीच्या दिवशी आमच्या घरी मोदक फुटले. चूक माझी होती. ती कशी झाली ते सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही.

आईला ताप होता, म्हणून मोदक आजी करणार होती. आजीला नीट दिसत नाही. तिने पाणी मोजायचे काम मला दिले. ती म्हणाली, "जेवढी पिठी तेवढंच पाणी घे हो." दापोलीच्या बाजारातून आणलेल्या तांदळाच्या पिठीच्या पुड्यावर ५०० ग्रॅम लिहिले होते. १ लिटर पाणी १ किलो भरते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणून मी दुधाच्या अर्ध्या लिटरच्या मापाने एक माप पाणी दिले.

उकड कोरडी झाली. पारीला चिरा पडल्या. मोदक वाफवताना फुटले आणि सारण बाहेर आले. नैवेद्याला २१ मोदक हवे होते, धड निघाले ९. मला रडू आले. आजी म्हणाली, "अरे, मी मापाने सांगितलं, तू वजनाने घेतलंस!"

मग रविवारी तेच माप घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदारकाकांनी प्रत्येक जिन्नस सपाट माप भरून काट्यावर ठेवला. मापाचे वजन वजा केले. अर्ध्या लिटरच्या मापात साधारण एवढे भरले :

पाणी – ५०० ग्रॅम
मीठ – ६०० ग्रॅम
खोबरेल तेल – ४६० ग्रॅम
तांदूळ – ४२० ग्रॅम
तांदळाची पिठी – ३०० ग्रॅम
जाडे पोहे – १५० ग्रॅम

असे का होते? पाणी मापात कुठेच जागा सोडत नाही. पिठीच्या कणांमध्ये हवा असते. पोह्यांमध्ये तर खूपच मोकळी जागा राहते. माप आपटून किंवा दाबून भरले तर हवा निघून जाते आणि पिठी जास्त मावते. म्हणून माप नेहमी एकसारखे भरावे.

आता माझे चुकलेले गणित सोडवू.
३०० ग्रॅम पिठीला पाणी ५०० मिलिलिटर.
१०० ग्रॅमला ५०० ÷ ३ = सुमारे १६६ मिलिलिटर.
५०० ग्रॅमला १६६ × ५ = ८३० मिलिलिटर.
मी दिले ५००. म्हणजे ३३० मिलिलिटर पाणी कमी पडले!

आजीने जुन्या मापांचे कोष्टकही सांगितले. २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. ही धान्य भरून मोजायची मापे. पण वजनाचाही एक शेर होता. तो ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. नाव एकच, पण एक भरायचा आणि एक तोलायचा! १ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्या देशात किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तरी आजी अजून तांदूळ पायलीनेच सांगते.

लक्षात ठेवा : कोणी प्रमाण सांगितले, की आधी विचारा, "मापाने की वजनाने?" मापाने असेल तर सगळे जिन्नस एकाच भांड्याने मोजा.

संकष्टीला आम्ही पुन्हा मोदक केले. पिठी आणि पाणी मी एकाच वाटीने मोजले. एकही मोदक फुटला नाही.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी