नैराश्य आणि ॲक्युपंक्चर

ॲक्युपंक्चर म्हणजे केसासारख्या बारीक, निर्जंतुक सुया शरीरावर ठरावीक जागी टोचून काही वेळ तशाच ठेवण्याची चिनी उपचारपद्धती. नैराश्यासाठी या सुया बहुधा टाळूवर, दोन भुवयांच्या मध्ये, मनगटाच्या आतल्या बाजूला आणि पायाच्या अंगठ्याच्या वरच्या खळगीत टोचतात. एक बैठक साधारण अर्ध्या तासाची असते आणि आठवड्यातून एक-दोनदा अशा दहा-बारा बैठका होतात. शरीरातून वाहणाऱ्या ऊर्जेचा अडथळा सुईने दूर होतो, असे परंपरा सांगते. शरीरशास्त्राला मात्र अशा ऊर्जावाहिन्या सापडलेल्या नाहीत. सुई टोचल्यावर वेदना कमी करणारी काही रसायने मेंदूत स्रवतात, याला थोडाफार आधार आहे. पण त्यामुळे उदासी कशी कमी व्हावी, हा अजून तर्काचाच भाग आहे.

महाराष्ट्रात या पद्धतीचे नाव निघाले की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव निघते. खरे तर १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात ते शल्यचिकित्सक म्हणून काम करीत होते. ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले त्यांचे पथकातील सहकारी, कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी. केंद्र सरकारने २००३ मध्ये उपचाराचा एक प्रकार म्हणून ॲक्युपंक्चरला मान्यता दिली आणि महाराष्ट्राने २०१५ चा स्वतंत्र कायदा करून परिषद व नोंदणीची तरतूद केली. नोंदणीमुळे सुई टोचणाऱ्याचे शिक्षण कळते. सुईने नैराश्य जाते की नाही, हे नोंदणीवरून ठरत नाही.

त्यासाठी चाचण्यांकडेच पाहावे लागते. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये ६४ चाचण्या आणि ७,१०४ रुग्ण एकत्र तपासले. काहीच उपचार न घेणाऱ्यांपेक्षा सुया घेणाऱ्यांना बरे वाटल्याचे दिसले. खोट्या सुईशी तुलना करताच फरक लहान झाला. पुराव्याचा दर्जाही कमी ठरला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली इंग्लंडमधील ७५५ रुग्णांची चाचणी अधिक बोलकी आहे. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चरची जोड मिळालेले रुग्ण इतरांपेक्षा सुधारले, पण समुपदेशनाची जोड मिळालेलेही जवळपास तेवढेच सुधारले. दर आठवड्याला कोणी तरी शांतपणे विचारपूस करते, याचा वाटा त्यात किती आणि सुईचा किती, हे या चाचणीतून वेगळे काढता येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील वैनगंगेकाठच्या मार्कंड्यासारख्या गावात हा प्रश्न फार व्यवहाराचा होतो. चामोर्शी, एटापल्ली, भामरागड या भागांतील माणूस ‘मला नैराश्य आहे’ असे म्हणत दवाखान्यात येत नाही. अंग दुखते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, कामात मन लागत नाही, अशी तक्रार असते आणि आधी पुजाऱ्याकडे जाऊन झालेले असते. त्याला थेट सुया टोचणे चुकीचे आहे. या पट्ट्यात सिकलसेल आणि रक्तक्षय मोठ्या प्रमाणावर आढळतात. थकवा आणि अंगदुखी त्यांचीही असू शकते. म्हणून हिमोग्लोबिन, सिकलसेल आणि थायरॉइडची तपासणी आधी व्हावी. दारूची चौकशीही व्हावी. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असली तरी मोहाची दारू मिळते आणि ती उदासी वाढवतेच.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि रोजचे काम अडू लागले, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मिळतात. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही त्या किमान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा गावांनी पावसाळ्याआधी पुरेशा गोळ्या घेऊन ठेवाव्यात, कारण त्या अचानक बंद करणे त्रासाचे ठरते.

बोलण्याचा उपचार मात्र गावात येऊ शकतो. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण घेतलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मदत केली, असे २०१७ च्या चाचणीत दिसले. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत असेच काम झाले. तिथे नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. बारा बैठकांसाठी बारा वेळा शहर गाठणे, मजुरी बुडवणे आणि गाडीभाडे भरणे यापेक्षा गडचिरोली-चंद्रपूरसाठी हा मार्ग शहाणपणाचा आहे.

तरीही गोळ्या आणि समुपदेशन चालू ठेवून, सौम्य ते मध्यम त्रासात कोणाला ॲक्युपंक्चर जोडीला हवे असेल तर हरकत नाही. मात्र चिकित्सकाची नोंदणी विचारावी आणि सुई पाकिटातून आपल्यासमोर काढायला सांगावे. एकाच्या सुया दुसऱ्याला वापरल्यास कावीळ ब आणि क पसरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. हृदयात पेसमेकर असल्यास विजेच्या सुया नकोत. छातीवर खोल सुई गेल्यास फुप्फुसाला भोक पडल्याची दुर्मीळ उदाहरणे आहेत. दीड महिन्यात काहीच फरक नसेल तर सुया थांबवाव्यात, गोळ्या नव्हे.

जगणे नको असल्याचे बोलणे, कानात आवाज ऐकू येणे, अन्नपाणी सोडणे अशी लक्षणे दिसल्यास सुयांचा विचारही करू नये. रुग्णाला एकटे ठेवू नये, घरातील कीटकनाशके शेजाऱ्याकडे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.